भीती खरी, पुरावा बनावट

३१ ऑक्टोबर १९९२ च्या रात्री बीबीसीच्या पहिल्या वाहिनीवर 'घोस्टवॉच' नावाचा दीड तासाचा कार्यक्रम दाखवण्यात आला. लंडनच्या एका उपनगरातल्या साध्या घरात भुताटकी होते, आणि तिथे नेमकं काय घडतं ते प्रेक्षकांना थेट दाखवायचं, असं त्याचं स्वरूप होतं. स्टुडिओत मायकेल पार्किन्सन बसले होते. ब्रिटनमध्ये घराघरांत ओळखीचा, मुलाखतींसाठी नावाजलेला हा चेहरा. त्या घरात बातमीदार म्हणून गेल्या होत्या सारा ग्रीन, मुलांच्या कार्यक्रमांमुळे शाळकरी पोरांच्या लाडक्या. पडद्यावर बीबीसीचा नेहमीचा खराखुरा फोन क्रमांक झळकत होता. प्रत्यक्षात हे सगळं स्टीफन व्होल्क यांनी लिहिलेलं, लेस्ली मॅनिंग यांनी दिग्दर्शित केलेलं आणि काही महिने आधीच चित्रित झालेलं नाटक होतं. सुरुवातीला लेखकाचं नाव दाखवलं होतं. फोन करणाऱ्याला 'हा कार्यक्रम काल्पनिक आहे' असं सांगणारा निरोप ऐकवण्याचीही सोय होती. पण फोन इतके आले की बहुतेकांना लाइन मिळेना, आणि एंगेज टोन ऐकून त्यांची खात्री आणखी पक्की झाली. पुढे तक्रारींचा पाऊस पडला. १९९४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने हा कार्यक्रम पाहून मानसिक आघात झालेल्या दहा वर्षांच्या दोन मुलांची नोंद छापली. बीबीसीने तो कार्यक्रम पुन्हा कधी प्रसारित केला नाही.

खुलासा केलेला होता, तो ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचला नाही. भयपटांच्या एका अख्ख्या प्रकाराचा न्याय या एका गोष्टीवरून करता येतो, असं मला वाटतं. हा प्रकार म्हणजे 'फाउंड फुटेज' आणि बनावट माहितीपट. पहिल्यात आपल्याला सांगितलं जातं की हे चित्रण कुणाच्या तरी कॅमेऱ्यात सापडलं, चित्रण करणारी माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. दुसऱ्यात मुलाखती, जुने फोटो, बातम्यांची कात्रणं, निवेदकाचा शांत आवाज असा माहितीपटाचा सगळा थाट असतो, फक्त त्यातली घटना कधी घडलेलीच नसते. दोन्हींचं भांडवल एकच: कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्याला आपण पुरावा मानतो, ही आपली सवय. हा विश्वास प्रेक्षकाकडून उसना घेतलेला असतो, तेव्हा तो परत करण्याची जबाबदारी घेणाऱ्यावरच येते. चित्रपटाच्या आत कितीही खोटं बोलावं, ते खोटं चित्रपटाबाहेर माणसांच्या आयुष्यात सोडून देऊ नये. या प्रकारातली उत्तम कलाकृती ही मर्यादा पाळूनही घाबरवते, आणि वर प्रेक्षकाला पुराव्याकडे डोळसपणे बघायला शिकवते.

युक्ती जुनीच आहे. १७६४ मध्ये होरेस वॉलपोलने 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी प्रसिद्ध केली तेव्हा मुखपृष्ठावर स्वतःचं नाव घातलं नाही. उत्तर इंग्लंडमधल्या एका जुन्या घराण्याच्या ग्रंथसंग्रहात सापडलेल्या इटालियन पुस्तकाचा हा अनुवाद आहे, अशी बतावणी त्याने केली. पुस्तक गाजल्यावर पुढच्याच वर्षी, दुसऱ्या आवृत्तीत, त्याने खरं सांगून टाकलं. १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरने 'ड्रॅक्युला' रचली ती रोजनिशा, पत्रं, तारा, वर्तमानपत्रातल्या बातम्या आणि फोनोग्राफवर नोंदवलेल्या टिपणांतून. सगळी कथा जणू एका फाइलमध्ये लावलेल्या कागदपत्रांतून उलगडते. अद्भुताला कागदोपत्री आधार दिला की वाचकाचा संशय मवाळ होतो, हे या लेखकांनी ओळखलं होतं. सिनेमाने त्यात एकच, पण मोठा फरक केला. कागद कुणीतरी लिहिलेला असतो, हे वाचकाला कायम ठाऊक असतं. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र समोर होतं तेच उमटलं, असं आपण धरून चालतो.

त्यातही चित्र जितकं वाईट तितका आपला विश्वास जास्त, हे विशेष. हलणारा कॅमेरा, मध्येच धूसर होणारं दृश्य, तुटक आवाज, अर्धवट कापलेली चौकट दिसली की आपण समजतो, इथे सजवायला कुणाला वेळच मिळालेला नाही. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांच्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'ने (१९९९) ही समजूत पुरेपूर वापरली. मेरीलँड राज्यातल्या जंगलात आठ दिवसांत झालेल्या या चित्रणात कॅमेरे कलाकारांच्याच हातात होते. हेदर डोनाह्यू, जोशुआ लेनर्ड आणि मायकेल विल्यम्स यांनी स्वतःच्याच नावाने भूमिका केल्या. संवाद बहुतांशी त्यांचे त्यांनी सुचतील तसे बोललेले. दिग्दर्शक त्यांच्यासाठी ठरलेल्या जागी सूचनांच्या चिठ्ठ्या ठेवून जात, दिवसागणिक खाणं कमी करत, रात्री तंबूभोवती आवाज करून त्यांना झोपू देत नसत. पडद्यावरचा थकवा, चिडचिड आणि रडू यांत अभिनय किती आणि खरी दमणूक किती, हे सांगता येत नाही. चेटकीण संपूर्ण चित्रपटात एकदाही दिसत नाही. दिसतात ते दगडांचे ढीग, काड्यांच्या आकृत्या आणि टॉर्चच्या उजेडापलीकडचा अंधार. जे दिसत नाही ते प्रेक्षकाचं मन भरून काढतं, आणि कॅमेऱ्याचा अपुरेपणा हेच भीतीचं यंत्र बनतं.

ओरेन पेलीच्या 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी'ने नेमकी उलट वाट धरली. पेलीने तो सॅन डिएगोमधल्या स्वतःच्याच घरात, सुमारे १५ हजार डॉलरमध्ये, सात दिवसांत चित्रित केला. इथे रात्रीच्या दृश्यांत कॅमेरा हलत नाही. तो तिवईवर उभा राहून रात्रभर झोपलेल्या जोडप्याकडे आणि उघड्या दाराकडे बघत राहतो, कोपऱ्यात घड्याळाचे आकडे पळत असतात. एरवी कुठे बघायचं हे दिग्दर्शक कॅमेऱ्याच्या हालचालीतून आणि संगीतातून सुचवतो. इथे ती मदत काढून घेतलेली आहे, त्यामुळे प्रेक्षक स्वतःच चौकटीचा कोपरा न् कोपरा तपासू लागतो. दार बोटभर हलतं आणि थिएटर किंचाळतं. एका दृश्यात जोडप्यातली तरुणी उठून पलंगाशेजारी उभी राहते आणि कोपऱ्यातले आकडे भराभर पुढे सरकत तासच्या तास निघून जातात. रक्ताचा थेंब नाही, आरडाओरडा नाही, तरी हे दृश्य अंगावर येतं, कारण रात्रपाळीच्या पहारेकऱ्याचं काम आता प्रेक्षकाकडे आलेलं असतं.

कलेचं हे बळ मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारायला हवा. 'ब्लेअर विच'चं खोटं पडद्यापुरतं राहिलं नाही. तिघांच्या फोटोंची 'बेपत्ता' म्हणून पत्रकं वाटली गेली. संकेतस्थळावर पोलीस तपासाचे बनावट तपशील मांडले गेले. दूरचित्रवाणीवर त्याच दंतकथेचा बनावट माहितीपट दाखवला गेला. चित्रपटांची माहिती देणाऱ्या एका प्रसिद्ध संकेतस्थळावर काही काळ या कलाकारांची नोंद 'बेपत्ता, बहुधा मृत' अशी होती. आर्टिझन कंपनीने सुमारे ११ लाख डॉलरला विकत घेतलेल्या या चित्रपटाने जगभरात जवळजवळ २५ कोटी डॉलरचा धंदा केला. पण ज्यांना 'मृत' ठरवलं होतं त्यांना स्वतःच्या यशाच्या काळात प्रसिद्धीपासून दूर ठेवण्यात आलं. हेदरच्या आईला लोक सांत्वनाची पत्रं पाठवत होते. बर्किट्सव्हिल या दोनशेपेक्षा कमी वस्तीच्या खऱ्याखुऱ्या गावात बघ्यांची रीघ लागली, गावाच्या नावाच्या पाट्या चोरीला गेल्या. त्या गावात चेटकिणीची अशी कुठलीही दंतकथा कधीच नव्हती, ती दिग्दर्शकांनी रचलेली होती. पंचवीस वर्षांनी, २०२४ मध्येही, या तिन्ही कलाकारांना मोबदला आणि आपल्या नावाच्या वापरावरचा हक्क यांसाठी जाहीरपणे मागणी करावी लागली. प्रेक्षकाने चित्रपटगृहात दीड तास घाबरायला संमती दिली होती. त्या आईने आणि त्या गावाने कशालाच संमती दिलेली नव्हती.

याहून कठोर उदाहरण इटलीचं आहे. रुजेरो देओदातोचा 'कॅनिबल होलोकॉस्ट' (१९८०) हा या प्रकाराचा आद्य चित्रपट मानला जातो. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात गेलेलं माहितीपटकारांचं पथक परत येत नाही, त्यांच्या फिल्मची रिळं सापडतात, आणि त्यांत दिसतं की सनसनाटी दृश्यांसाठी त्यांनीच अत्याचार घडवून आणले होते. हिंसा विकणाऱ्या माध्यमांवर टीका करण्याचा हेतू देओदातोने सांगितला, आणि चित्रपटाच्या रचनेत तो दिसतोही. पण मिलानमध्ये चित्रपट जप्त झाला आणि दिग्दर्शकावर कलाकारांना खरोखर मारल्याचा संशय आला. वर्षभर लोकांसमोर यायचं नाही असा करार त्याने कलाकारांशी केला होता. शेवटी त्यांना जिवंत हजर करून, आणि शूळावर चढवलेल्या बाईचं दृश्य कसं साधलं हे समजावून त्याला आपली सुटका करून घ्यावी लागली. माणसांचे मृत्यू खोटे होते, प्राण्यांचे मात्र खरे. कासव, माकड, डुक्कर यांना कॅमेऱ्यासमोर खरोखर ठार मारलं गेलं, का तर खऱ्या रक्ताशेजारी खोटं रक्तही खरं वाटावं म्हणून. शिवाय चित्रपटात यानोमामो या अस्तित्वात असलेल्या आदिवासी समाजाचं नाव घेऊन त्यांना नरभक्षक दाखवलं. कलाकार जाहीरपणे 'आम्ही जिवंत आहोत' असं म्हणू शकले. त्या समाजाला अशी कुठलीही संधी मिळाली नाही. ज्या क्रौर्यावर बोट ठेवायचं तेच क्रौर्य करून चित्रपट उभा करायचा, हे कलेच्या नावाने माफ होण्यासारखं नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की कथा म्हणजे मुळात खोटंच. मग याच प्रकाराला नीतीचा वेगळा दंडक का लावायचा? आणि सगळं आधीच सांगून टाकलं तर भीती उरेल कशी? पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. नाटकाला रंगमंच असतो, कादंबरीला मुखपृष्ठ असतं. इथून पुढे काल्पनिक, अशी रेषा आखलेली असते. हा प्रकार ती रेषाच पुसून टाकतो आणि तिच्या नसण्यातून परिणाम साधतो, म्हणून त्याची जबाबदारी अधिक. दुसऱ्या भागाचं उत्तर इतिहासाने दिलं आहे. २००९ मध्ये 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' सर्वत्र प्रदर्शित झाला तेव्हा त्याच्या जाहिरातीत चक्क थिएटरमध्ये किंचाळणारे प्रेक्षक दाखवले होते, म्हणजे हा सिनेमा आहे हे उघड सांगितलं होतं. पडद्यावर मात्र सुरुवातीलाच त्या जोडप्याच्या कुटुंबीयांचे आणि पोलिसांचे आभार मानलेले होते. खोटं आत, खरं बाहेर. तरीही त्याने १९ कोटी डॉलरच्या वर कमाई केली. स्पेनमधल्या 'रेक'मध्ये (२००७) निवेदिकेची भूमिका मॅन्युएला व्हेलास्को या दूरचित्रवाणीवरच्या प्रत्यक्ष निवेदिकेने केली आणि तिला अभिनयासाठी गोया पुरस्कार मिळाला; आपण अभिनय पाहतो आहोत हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं. २०२० च्या टाळेबंदीत रॉब सॅव्हेजने 'होस्ट' हा तासाभराचा भयपट झूमच्या पडद्यावर घडवला. कलाकार आपापल्या घरी, दिग्दर्शक त्याच्या घरी. त्याला कुणी खरं मानलं नाही आणि लोक घाबरले. आपल्या रोजच्या वापरातला पडदा तिथे विश्वासघात करत होता, तेवढं पुरेसं होतं. फसवणूक भीतीला आवश्यक नाही. आवश्यक असतो तो कॅमेऱ्याच्या नजरेचा नेमका अभ्यास.

दुसरा आक्षेप रसिकांचा आहे. हा स्वस्तातला मामला आहे, सगळे चित्रपट सारखेच, आणि जीव धोक्यात असताना कुणी कॅमेरा धरून बसेल का? स्वस्तपणामुळे या प्रकारात सुमार चित्रपटांची भरताड झाली, हे खरंच आहे. कॅमेरा हलवला की वास्तव येतं अशी समजूत करून घेणाऱ्यांनी प्रेक्षकांना फक्त डोकेदुखी दिली. पण कमी पैशांत काम होतं म्हणूनच नवख्यांना दार उघडलं, हेही तितकंच खरं. आणि कॅमेरा का सोडत नाही, हा प्रश्न तर चांगल्या चित्रपटांचा गाभाच असतो. 'रेक'ची निवेदिका काहीही झालं तरी चित्रण थांबवू नकोस म्हणून कॅमेरामनला बजावत राहते. 'ब्लेअर विच'मध्ये हेदरचाच सोबती तिला बोलून दाखवतो की कॅमेऱ्यातून बघितलं की समोरचं पूर्ण खरं वाटत नाही, म्हणून तिला तो हवासा वाटतो. अपघात झाला की मदतीआधी मोबाइल वर जाण्याच्या काळात या प्रश्नाला अवास्तव कसं म्हणावं? आपल्याकडे 'रागिनी एमएमएस' (२०११) आणि पश्चिम घाटात ट्रेकला गेलेल्या मित्रांची गोष्ट सांगणारा कन्नड '६-५=२' (२०१३) यांनी हा प्रकार भुताखेतांसाठी वापरला. पण या तंत्राचा भारतीय सिनेमातला सर्वांत भेदक वापर भुताविना झालेला आहे. दिबाकर बॅनर्जींच्या 'लव्ह सेक्स और धोखा'मध्ये (२०१०) विद्यार्थ्याचा हातातला कॅमेरा, दुकानातला सीसीटीव्ही आणि स्टिंग ऑपरेशनचा छुपा कॅमेरा, असे तीन डोळे आहेत. पळून जाऊन लग्न केलेल्या जोडप्याच्या हत्येचं त्यातलं दृश्य कुठल्याही भयपटाइतकं थरकाप उडवतं.

या प्रकाराची खरी उंची मला जोएल अँडरसनच्या 'लेक मंगो' (२००८) या ऑस्ट्रेलियन चित्रपटात दिसते. अ‍ॅलिस पामर ही सोळा वर्षांची मुलगी पाण्यात बुडून मरते आणि शोकात बुडालेल्या घरात तिच्या आकृती दिसू लागतात. भाऊ कॅमेरे लावतो, फोटो काढतो, त्यांत ती दिसते. मग मध्यावरच चित्रपट उघड करतो की ही चित्रं भावानेच बनवलेली होती. घरातल्यांनी, आणि प्रेक्षकानेही, ती खरी मानली कारण मानायची इच्छा होती. एवढं झाल्यावर प्रेक्षक सावध होतो, आता फसायचं नाही म्हणून ठरवतो. आणि अखेरीस श्रेयनामावलीच्या वेळी तीच आधीची दृश्यं पुन्हा समोर येतात. ज्या कोपऱ्याकडे कुणी बघितलंच नव्हतं तिथे अ‍ॅलिस उभी असते. सगळे खोट्या आकृतीकडे बघत राहिले आणि मुलीचं खरं दुःख, तिच्या हयातीत आणि नंतरही, कुणाच्या नजरेला पडलं नाही. हा चित्रपट घाबरवतो, रडवतो आणि शिकवतो की चित्रात काय आहे यापेक्षा बघणाऱ्याला काय हवं आहे, यावर पुराव्याचा अर्थ ठरतो. बनावट माहितीपटाचं रूप घेतल्याशिवाय ही गोष्ट इतक्या ताकदीने सांगताच आली नसती.

बनावट माहितीपट सत्य सांगू शकतो, याचा आणखी जुना दाखला पीटर वॉटकिन्सच्या 'द वॉर गेम'चा (१९६५) आहे. ब्रिटनवर अणुहल्ला झाला तर केंटमधल्या सामान्य माणसांचं काय होईल, हे त्याने बातमीपटाच्या शैलीत, व्यावसायिक नसलेल्या स्थानिक लोकांकडून अभिनय करून घेऊन दाखवलं. भूत नाही, चेटकीण नाही, तरी हा भयपटच. निवेदनात असं घडू शकतं, असं घडेल, हा भाव राखलेला, म्हणजे जे घडलेलं नाही ते घडलं म्हणून विकलेलं नाही. बीबीसीने तो दाखवायला नकार दिला. त्याला सर्वोत्तम माहितीपटाचं ऑस्कर मिळालं, पण ब्रिटिश घरांतल्या पडद्यावर तो यायला १९८५ साल उजाडलं. ज्या संस्थेने हा प्रामाणिक बनावट माहितीपट वीस वर्षं अडवला, तिनेच पुढे 'घोस्टवॉच' मात्र खुलाशाची नीट व्यवस्था न करता प्रसारित केला. दोन्ही वेळा तिने प्रेक्षकाबद्दल चुकीचा अंदाज बांधला.

शेवटचा आक्षेप असा की आजचा प्रेक्षक हुशार झाला आहे, त्याला कुणी फसवू शकत नाही. १९३८ साली ऑर्सन वेल्सच्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या नभोनाट्याने अमेरिकाभर हाहाकार माजल्याची कथाही वर्तमानपत्रांनी फुगवलेली होती, असं संशोधक आता सांगतातच. प्रेक्षक भोळा नसतो, हे मान्य. पण माणूस चित्रपटगृहात जसा सावध असतो तसा हातातल्या मोबाइलसमोर नसतो. पाकिस्तानात, कराचीत, मुलांच्या सुरक्षिततेसाठी एक जनजागृतीपर चित्रफीत बनवली गेली होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, लगेच परत आणून सोडतात, आणि मूल पळवायला क्षणच लागतो असं सांगणारा फलक दाखवतात. रस्त्यावरच्या सीसीटीव्हीत टिपल्यासारखी ती दिसत होती. कुणीतरी शेवटचा भाग कापला, आणि २०१८ मध्ये ती भारतभर मोबाइलवरून मुलं पळवणाऱ्या टोळीचा पुरावा म्हणून फिरली. मुलं पळवण्याच्या अशाच अफवांच्या त्या दिवसांत, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. चित्रफीत बनवणाऱ्यांनी खुलासा जोडलेला होता, तो वाटेत कापला गेला. खुलासा कापला की जनजागृतीची चित्रफीतही प्राणघातक ठरू शकते, याचा याहून भयंकर पुरावा मिळणार नाही.

आता तर न घडलेलं दृश्य संगणकावर कुणालाही तयार करता येतं. अशा वेळी या प्रकारावर बंदी घाला, असं म्हणणं सोपं आहे, पण ते चुकीचं ठरेल. हलणारं, धूसर, कोपऱ्यात वेळेचे आकडे असलेलं चित्र आपल्याला कसं पटवतं, हे या चित्रपटांइतकं स्पष्ट करून दाखवणारं दुसरं साधन नाही. शाळा-महाविद्यालयांच्या फिल्म क्लबांनी 'लेक मंगो' आणि 'द वॉर गेम' दाखवून त्यावर चर्चा घ्याव्यात. मराठीत असे चित्रपट करू पाहणाऱ्या तरुणांनी जरूर करावेत. फक्त खऱ्या गावाचं, खऱ्या समाजाचं, खऱ्या माणसाचं नाव त्यांच्या संमतीविना खोट्यात ओढू नये आणि प्रसिद्धीसाठी कुणाला मृत ठरवू नये. प्रेक्षकांनी अंधाऱ्या चित्रपटगृहात मनसोक्त घाबरावं. आणि मोबाइलवर एखादी थरकाप उडवणारी चित्रफीत आली, तर ती कुणी, कुठे घेतली आणि तिच्या आधी-नंतर काय होतं, हे कळल्याशिवाय पुढे पाठवू नये.